आईचा खांदा झिजलाय म्हणतात, फिजिओथेरपीने खरंच फरक पडतो का?

वारणाकाठ:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण नीट सगळं सांगितल्याशिवाय कोणाला सल्ला देता येणार नाही म्हणून. माझी आई ६८ वर्षांची, झेडपीच्या शाळेत शिक्षिका होती, रिटायर होऊन दहा वर्षं झाली. उजवा खांदा. २०११ ला गाडीवरून पडली होती तेव्हा दंडाचं हाड खांद्याजवळ मोडलं होतं, ऑपरेशन नव्हतं केलं, झोळीत हात ठेवून जुळलं होतं. त्यानंतर हात थोडा कमीच वर जायचा पण तिचं सगळं चालू होतं, फळ्यावर लिहायची, पोळ्या करायची, तक्रार नव्हती.

गेल्या वर्षभरात मात्र दुखणं वाढत गेलं. सकाळी उठल्यावर खांदा आखडलेला असतो, हात फिरवला की आत करकर वाजतं, हात ठेवला तर आम्हाला सुद्धा जाणवतं. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, दोन-तीनदा उठून बसते. तिला शुगर आहे, गोळ्यांवर आहे. त्यामुळे पहिल्यांदा जिथे दाखवलं तिथे शुगरवाल्यांना होतो तसा फ्रोजन शोल्डर आहे सांगितलं, एक्स-रे काढलाच नाही. फिजिओला पाठवलं. तिथे रोज २० मिनिटं मशीनचा शेक आणि मग हात धरून जोर लावून वर न्यायचे. आई दात आवळून सहन करायची. घरी आली की तीन-तीन दिवस हात उचलता यायचा नाही. पाच आठवडे केलं, साडेतीनशे रुपये सिटिंग, आणि हात होता त्यापेक्षा कमी झाला. शेवटी तिनेच सांगितलं मी जाणार नाही.

मग दुसऱ्या ऑर्थोकडे गेलो, त्यांनी लगेच एक्स-रे काढला. खांद्याच्या सांध्यातली फट जवळजवळ संपलीये आणि दंडाच्या गोळ्याच्या खालच्या बाजूला हाड वाढलंय असं दाखवलं. ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणाले, म्हणजे सांध्याची झीज, जुन्या फ्रॅक्चरमुळे. वंगण संपलंय, जेलचं इंजेक्शन घ्या, फिजिओ करा, नाहीच जमलं तर सांधा बदलू. आता आई फिजिओ हा शब्द ऐकला तरी नको म्हणते. शेजारचे म्हणतात हात अजिबात हलवू नका, झिजलेलं अजून झिजेल. मला काही कळेना झालंय. झिजलेल्या सांध्याला व्यायामाने फायदा होतो की तोटा? कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा. ती म्हणते, "मला फार काही नको, माझा आंबाडा मला घालता आला पाहिजे." एवढंच आहे तिचं.


फिजिओ_गोदाकाठ:
दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला, १४ वर्षं झाली प्रॅक्टिसला. आधी आईंना सांगा की त्यांनी ते बंद केलं ते बरोबर केलं. व्यायाम वाईट नसतो, पण त्यांना जे केलं गेलं ते या दुखण्याचं नव्हतंच.

फ्रोजन शोल्डर आणि खांद्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस वरवर सारखे दिसतात. दोन्हीत हात बाहेरच्या बाजूला फिरत नाही, म्हणजे कोपर कमरेला चिकटवून पंजा बाहेर न्यायला सांगितला की तिथेच अडतं, आणि दुसऱ्याने धरून नेला तरी अडतं. शुगर असलेल्यांना फ्रोजन शोल्डर जास्त होतो हेही खरं, त्यामुळे ती शंका येणं चूक नव्हतं. पण फ्रोजन शोल्डर साधारण चाळिशी ते साठीत येतो आणि त्यात एक्स-रे नॉर्मल असतो, सांध्याभोवतीची पिशवी आवळलेली असते. आईंचं वय, जुनं फ्रॅक्चर, आतली करकर, हे सगळं असताना एक एक्स-रे आधीच निघायला हवा होता. त्यांच्यात आत हाड वाढलंय, गोळा आणि वाटी एकमेकांना घासतायत, त्यामुळे शेवटाला जो अडथळा येतो तो कडक असतो, दारामागे वीट ठेवल्यासारखा. तिथे जोर लावला तर वीट हलत नाही, फक्त सांधा चिडतो, सूज येते, मग तीन दिवस हात उचलत नाही. फ्रोजनच्या दुखऱ्या काळात सुद्धा असं ओढू नये, ती गोष्ट वेगळी.

आता "वंगण संपलं" म्हणतात त्याबद्दल. आपल्याकडे सगळेच तसं बोलतात पण त्याने पेशंटच्या मनात बसतं की बिनतेलाची बिजागरी आहे, हलवली की अजून झिजणार. तसं नाहीये. झिजते ती हाडांच्या टोकांवरची कूर्चा, ती परत उगवत नाही, फिजिओने नाही आणि कशानेच नाही, हे मी पेशंटला पहिल्याच दिवशी सांगते. पण सांध्याला पोषण मिळतं ते हालचालीतूनच. खांदा हा उखळीचा सांधा आहे, पण त्याची वाटी फारच उथळ, गोळा त्यात बसलेला नसतो तर चार लहान स्नायूंनी धरून ठेवलेला असतो, त्यालाच रोटेटर कफ म्हणतात. दुखतं म्हणून हात गळ्यात घेऊन बसलं की हे स्नायू महिन्याभरात रोडावतात, मग गोळा वर सरकून अजून घासतो. पाठीवरचा फरा पण आखडतो आणि मान दुखायला लागते. म्हणून शेजाऱ्यांचं ऐकू नका, हात पूर्ण बंद ठेवणं सगळ्यात वाईट.

मी माझ्या पेशंटना कसं सुरू करते ते लिहिते, पण आईंना प्रत्यक्ष तपासल्याशिवाय हे जसंच्या तसं करू नका, आधी रोटेटर कफ शाबूत आहे का हे बघायला लागतं, जुन्या फ्रॅक्चरमध्ये तो कधी कधी फाटलेला असतो.

व्यायामाआधी १०-१५ मिनिटं गरम शेक. शुगर आहे तर गरम किती आहे ते दुसऱ्या हाताने बघायचं आणि मध्ये टॉवेल ठेवायचा, चटका बसलेला कळत नाही. मग लंबक. टेबलावर डावा हात टेकवून थोडं वाकायचं, उजवा हात दोरीला वजन लटकवल्यासारखा सोडायचा आणि कमरेने झुलायचं, हाताने नाही. हे बहुतेक जण चुकीचं करतात, खांदाच ओढून गोल फिरवत बसतात. वाकल्यावर चक्कर येत असेल तर हा सोडून द्या. त्यानंतर डायनिंग टेबलापाशी खुर्चीवर बसून पंजाखाली नॅपकिन ठेवायचा आणि पुढे सरकवायचा, पोळपाट पुसतो तसं, अंग पण पुढे न्यायचं, दहा वेळा. मग उताणं झोपून दोन्ही कोपरं अंगाशी, उजव्या कोपराखाली टॉवेलची गुंडाळी, दोन्ही हातात काठी, छत्रीची सुद्धा चालते, आणि चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला हळूच बाहेर ढकलायचं, पाच सेकंद थांबायचं. हा एक व्यायाम आंबाड्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा, कारण हात डोक्यामागे नुसता वर जाऊन पोचत नाही, तो बाहेर फिरावा लागतो.

हे दिवसातून दोनदा, प्रत्येकी पाच-दहा मिनिटं, बास. ताकदीचं नंतर. आधी भिंतीला टॉवेल लावून पंजा किंवा कोपर नुसतं दाबायचं, हात हलवायचा नाही, तेही पूर्ण जोराने नाही, चार आण्यांचा जोर. फरे मागे एकमेकांकडे ओढायचे. तीन-चार आठवड्यांनी दुखणं बसलं की रबरी पट्टा, पिवळा घ्या, तो हलका असतो, आणि ताकदीचे व्यायाम एक दिवसाआड.

दुखण्याचा हिशोब असा ठेवा. दहापैकी चारपर्यंत दुखलं तर चालेल. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत पूर्वीसारखं झालं पाहिजे. नाही झालं तर डोस जास्त झाला, निम्मा करा, बंद करू नका. तीन दिवस राहिलं म्हणजे डोस फारच चुकला होता.

किती दिवस लागतील? सहा ते बारा आठवडे. हात कानाला लागेलच असं मी सांगणार नाही, हाड अडवतंय तिथे तो अडणारच. पण दुखणं, झोप आणि रोजचं काम यात फरक पडतो, तो मी कितीतरी पेशंटमध्ये बघितलाय.


पोळपाट_लाटणं:
भाऊ मी पेशंट आहे, वय ६३, पुण्यात पोळी-भाजीचं काम करते, २२ वर्षं झाली, रोजच्या दीडशे पोळ्या. माझाही उजवाच खांदा, तीन वर्षांपूर्वी हेच निदान झालं. वर ताईंनी लिहिलंय ते सगळं पटलं, मी फक्त घरातल्या गोष्टी सांगते ज्या दवाखान्यात कोणी सांगत नाही आणि ज्याने मला व्यायामाइतकाच आराम पडला.

माझ्या फिजिओने पहिल्या दिवशी मला विचारलं तुम्ही लाटता कशा, दाखवा. ओटा मला उंच होता, त्यामुळे लाटताना खांदा कानाकडे चढायचा. त्यांनी सांगितलं पायाखाली पाट घ्या. एवढा चार इंचाचा पाट घेतला आणि आठ दिवसात संध्याकाळचं दुखणं निम्म्यावर आलं. आई ओट्यापाशी उभ्या राहून काम करत असतील तर त्यांचं कोपर ओट्याच्या वर राहतंय का बघा. कणीक मी आता खाली परात ठेवून नाही तर टेबलावर मळते, अंगाचा भार देऊन. आणि एका दमात दीडशे नाही, चाळीस झाल्या की थांबते, हात लोंबता सोडते दोन मिनिटं.

कपडे घालताना दुखरा हात आधी बाहीत घालायचा, काढताना तो शेवटी काढायचा. हे इतकं साधं आहे पण मला साठ वर्षं माहीत नव्हतं. ब्लाऊज पुढच्या हुकांचे शिवून घ्या सगळे, मागचे हुक आणि मागची गाठ विसरायची. परकराची नाडी बाजूला बांधायची. वरच्या फडताळातले रोजचे डबे खाली काढा, आजच काढा, त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. पिशवी त्या हाताने उचलायचीच नाही आणि उचललीच तर अंगाशी धरून. बसमध्ये वरचा दांडा धरायचा नाही, सीटची पाठ धरायची, ब्रेक लागला की जो हिसका बसतो त्याने माझा एक महिना वाया गेला होता.

झोपताना उताणं झोपून कोपराखाली उशी, म्हणजे दंड मागे पडत नाही. कुशीवर झोपायचं तर डाव्या कुशीवर आणि पुढ्यात मोठी उशी घेऊन उजवा हात तिच्यावर. लहान मुलाला जवळ घेतल्यासारखं. त्या रात्री मी कितीतरी महिन्यांनी सलग झोपले होते.

आणि आंबाडा. माझेही केस लांब आहेत म्हणून कळतंय मला ते. टेबलासमोर बसून कोपर टेबलावर टेकवायचं आणि डोकं हाताकडे न्यायचं, हात डोक्याकडे नाही. टेबल कमी पडलं तर दोन जाड पुस्तकं ठेवायची कोपराखाली. सुरुवातीला नुसतं विंचरायला जमेल. दुसऱ्याकडून वेणी घालून घेताना काय वाटतं ते मला माहीत आहे, त्यांना म्हणावं जमेल.


तुळशीवृंदावन:
आमच्याकडे गावाला एक हाडवैद्य आहेत, माझ्या मामांचा खांदा त्यांनी एका झटक्यात मोकळा केला होता. शिवाय मोहरीच्या तेलाने मालिश आणि एरंडाच्या पानाचा शेक. इंग्रजी मशीनपेक्षा बरं. विचार करून बघा.


फिजिओ_गोदाकाठ:
तेलाचं मालिश, पानाचा शेक, याला माझी काहीच हरकत नाही, स्नायू सैल होतात, बरं वाटतं, करा खुशाल. पण झटका नको. कळकळीने सांगते. या आईंचं एकदा मोडलेलं हाड आहे, ६८ वय आहे, पाळी जाऊन वर्षं झालेली म्हणजे हाडं ठिसूळ असण्याची शक्यता आहे. झटक्याने परत फ्रॅक्चर झालेले पेशंट मी हाताळलेत आणि ते बघवत नाही. मामांचा खांदा निखळलेला असेल किंवा काही वेगळं असेल, ते या दुखण्यासारखं नव्हतं.


यॉर्कशायरवाली:
मी लीड्सला असते, मूळची साताऱ्याची. माझ्या सासूबाईंना हेच झालं, त्या आमच्याकडे असतात, म्हणून इकडे काय करतात ते सांगते. इकडे नाइस म्हणून संस्था आहे, सरकारी दवाखान्यांनी कोणती ट्रीटमेंट द्यावी ते ठरवते. त्यांची ऑस्टिओआर्थ्रायटिसची गाइडलाइन ऑक्टोबर २०२२ ला नवीन आली. त्यात पहिल्या नंबरला व्यायाम आहे, प्रत्येक पेशंटला, आणि स्पष्ट लिहिलंय की सुरुवातीला दुखणं थोडं वाढू शकतं पण नेमाने केलं तर फायदा होतो, हे पेशंटला समजावून सांगा. आणि मशीनचं म्हणाल तर अल्ट्रासाउंड, टेन्स, आयएफटी (या दोन्हीत हलका करंट देतात), लेझर, या सगळ्याला देऊ नका म्हटलंय कारण फायद्याचा पुरेसा पुरावा नाही. ग्लुकोसामीनच्या गोळ्या पण नको, जेलची इंजेक्शनं पण नको. मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या आईचं आठवलं, ती गुडघ्यासाठी दोन महिने रोज रिक्षाने जाऊन मशीन लावून घ्यायची आणि व्यायाम एकही नाही.

सासूबाईंना इकडे फिजिओने सहा आठवड्यात फक्त चारदा बोलावलं. मला आधी राग आला होता की हे काय, रोज का नाही. पण त्या फिजिओ दर वेळी बघायच्या, दोन व्यायाम बदलायच्या, एक कागद द्यायच्या आणि विचारायच्या की घरी किती वेळा झालं. सगळं घरीच. मी फ्रिजवर तक्ता लावला होता, त्या स्वतः पेनाने टिक करायच्या. आपल्याकडे फिजिओ म्हणजे जाऊन करून घ्यायची गोष्ट असं आपण धरतो, मला वाटतं तिथेच गाडी अडते.


वारणाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. पोळपाट_लाटणं काकू, तुमचं आईला मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा वाचायला लावलं तिने. त्याच दिवशी फडताळ रिकामं केलं.

फिजिओताई, अजून तीन प्रश्न आहेत. एक, जेलचं इंजेक्शन घ्यायचं की नाही, महाग आहे, आणि एक जण म्हणाले स्टेरॉइडचं घ्या. दोन, ऑपरेशन टाळत राहिलो तर नंतर उशीर होतो का? तीन, आम्ही इस्लामपूरजवळ असतो, चांगला फिजिओ ओळखायचा कसा? परत तसंच झालं तर आई पुन्हा कधीच जाणार नाही.


फिजिओ_गोदाकाठ:
इंजेक्शनचा निर्णय तुमच्या ऑर्थोनी घ्यायचा, मी लिहून देत नाही, पण मला जे माहीत आहे ते सांगते म्हणजे तुम्हाला त्यांना विचारता येईल. अमेरिकेतल्या ऑर्थोपेडिक सर्जन्सच्या अकादमीने २०२० मध्ये खास खांद्याच्या याच आजारावर गाइडलाइन काढली, त्यात जेलच्या इंजेक्शनचा फायदा होत नाही याला भक्कम पुरावा आहे असं म्हटलंय. त्याच गाइडलाइनमध्ये फिजिओथेरपीबद्दल काय आहे तेही प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. भरवशाचा पुरावा नाही, पण काही पेशंटना फायदा होऊ शकतो असं आमचं मत आहे, एवढंच ते म्हणतात. गुडघ्यावर व्यायामाचा जितका अभ्यास झालाय तितका खांद्यावर झालेलाच नाही. म्हणून मी गॅरंटी देत नाही, बारा आठवडे नीट करून बघू म्हणते, कारण यात गमावण्यासारखं फार कमी आहे.

स्टेरॉइडने काही आठवडे दुखणं उतरू शकतं, आणि तोच काळ व्यायामाला वापरायचा, नुसतं इंजेक्शन घेऊन बसलं तर ते ओसरल्यावर परत तिथेच. पण आईंना शुगर आहे, इंजेक्शननंतर काही दिवस शुगर चढते, घरी मशीनवर तपासत राहा आणि शुगरच्या डॉक्टरांना आधी सांगा. परत परत घ्यायचं नाही. आणि पुढच्या तीन महिन्यात ऑपरेशन करायचं ठरत असेल तर इंजेक्शन नको, इन्फेक्शनची भीती वाढते. दुखण्याच्या गोळ्या पण स्वतःच्या मनाने मेडिकलमधून आणू नका, शुगर असताना किडनीला त्रास होऊ शकतो.

ऑपरेशनचं. रात्रीची झोप उडतेय, नीट व्यायाम आणि औषधं करून सहा महिन्यात काहीच फरक नाही, तेव्हा त्याचा विचार. दोन प्रकार असतात. रोटेटर कफ चांगला असेल तर गोळ्याच्या जागी गोळा आणि वाटीच्या जागी वाटी. कफ फाटलेला असेल तर उलटा सांधा, म्हणजे वाटीच्या जागी गोळा आणि दंडाला वाटी, जेणेकरून बाहेरचा मोठा डेल्टॉइड स्नायू हात उचलतो. ही युक्ती १९८० च्या दशकात फ्रान्समधल्या पॉल ग्रामों या सर्जननी काढली. आता जगभर करतात आणि दुखणं चांगलं जातं. पण त्यानंतरही चार ते सहा आठवडे झोळी आणि मग काही महिने फिजिओ आहेच, आणि उलट्या सांध्यात सुरुवातीला हात पाठीमागे न्यायचा नाही, निखळू शकतो. म्हणजे फिजिओ टळत नाही. आत्ता केलेले व्यायाम तेव्हा उपयोगी पडतात, स्नायू जिवंत असले की. थोडं थांबल्याने खांद्यात सहसा बिघडत नाही, पण कफ फाटलाय का आणि वाटीचं हाड किती झिजतंय हे ऑर्थोंना मधून मधून बघू द्या.

एक धोक्याचं सांगते. ताप, खांदा लाल आणि गरम, अचानक हात उचलणंच बंद, पडल्यानंतर दुखणं, वजन उतरणं, यापैकी काहीही असेल तर व्यायाम थांबवून डॉक्टर. आणि कोणाचा डावा खांदा दुखत असेल आणि सोबत छाती भरून येतेय, घाम सुटतोय, तर आधी हृदयाचं बघा, फिजिओकडे येऊ नका.

फिजिओ ओळखायचा कसा, तर आधी विचारा बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, केलंय का आणि महाराष्ट्राच्या फिजिओथेरपी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे का, नंबर असतो, विचारायला लाजू नका. मग पहिल्या भेटीत बघा. एक्स-रे स्वतः बघतात का, दोन्ही खांदे तपासतात का, हात किती अंशापर्यंत जातो ते मोजून लिहितात का, घरी काय करायचं ते शिकवतात का आणि आईंना काय यायला हवंय हे विचारतात का. थेट मशीनवर झोपवलं तर तिथून निघून या. आणि आईंना शिकवून ठेवा की "थांबा" म्हटलं की थांबलं पाहिजे.


दादर_टीटी:
पैशाची अडचण असलेल्या कोणी हे वाचत असेल तर, मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनची संस्था आहे, १९५५ पासूनची, तिथे फी अगदी कमी. केईएम, सायन, नायर तिन्हीकडे फिजिओची ओपीडी आहे, सकाळी लवकर जाऊन नंबर लावायला लागतो पण शिकवतात मन लावून, माझ्या वडिलांना सायनला शिकवलेले व्यायाम ते अजून करतात. वारणाकाठ, तुम्हाला मिरजेचं सरकारी मेडिकल कॉलेज जवळ पडेल, तिथे चौकशी करा.


वारणाकाठ:
नऊ आठवडे झाले, म्हटलं इथे सांगायलाच हवं.

मिरजेला नाही गेलो शेवटी, रोजचं जमलं नसतं. सांगलीत एक फिजिओ मॅडम मिळाल्या, रजिस्ट्रेशन विचारलं तर त्यांनी हसून भिंतीवरचं दाखवलं. पहिल्या दिवशी ४० मिनिटं नुसतं तपासलं. हात समोरून ८५ अंश, बाहेर फक्त ५. आईला विचारलं काय यायला हवं, ती म्हणाली आंबाडा, त्यांनी वहीत तसंच लिहिलं. मशीन नाही लावलं. आईने स्वतः विचारलं मशीन नाही का, तर म्हणाल्या घरी गरम पाण्याची पिशवी आहे ना. सोनोग्राफी करायला लावली ऑर्थोंकडून, कफ पूर्ण फाटलेला नाहीये, पातळ झालाय.

दहा दिवसातून एकदा जातो. बाकी घरी. फ्रिजवर तक्ता मी लावला, पण आई शिक्षिका आहे, तिने तो काढून स्वतः नवीन आखला लाल पेनाने, हजेरीपटासारखा. दुसऱ्या आठवड्यात एकदा दुखणं वाढलं, ती घाबरली, मी तिला इथलं चोवीस तासाचं वाचून दाखवलं, निम्मं केलं, दोन दिवसात उतरलं. तेव्हापासून तिची भीती गेली असं मला वाटतं. जेलचं इंजेक्शन नाही घेतलं. स्टेरॉइड पण नाही घेतलं, ऑर्थो म्हणाले फरक पडतोय तर थांबू.

काल मॅडमनी मोजलं, समोरून ११५, बाहेर २०. रात्री एकदाच उठते. हात पाठीमागे अजिबात जात नाही, ब्लाऊज सगळे पुढच्या हुकाचे झाले. फळीवरचा डबा अजून नाही जमत आणि मॅडम म्हणाल्या तो नादही करू नका. पण गेल्या गुरुवारी दत्ताच्या देवळात जायचं होतं, मी गाडी काढून दारात हॉर्न देतोय आणि ही बाहेर येईना. आत गेलो तर आरशासमोर, कोपराखाली तिची जुनी दोन पाठ्यपुस्तकं, आणि तोंडात आकडे धरून आंबाडा घालत होती. सैल झाला होता एका बाजूला. मी काही बोललो नाही, परत जाऊन गाडीत बसलो.

एक विचारायचंय, पिवळा पट्टा या आठवड्यात सुरू केलाय, कोपर कमरेला ठेवून बाहेर ओढायचा. सातव्या-आठव्या वेळेला खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचतं, दहापैकी पाच म्हणते. पुढच्या भेटीला अजून सहा दिवस आहेत. चालू ठेवू का?


फिजिओ_गोदाकाठ:
वाचून फार बरं वाटलं दादा, आईंना माझा नमस्कार सांगा. पट्टा बंद नको, सहा वेळाच करा, मध्ये दोन मिनिटं थांबून परत सहा. कोपर आणि बरगडीच्या मध्ये टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि ओढताना खांदा पुढे येतोय का ते आरशात बघा, बहुतेक तेच होत असेल. एक दिवसाआडच. एवढं करूनही टोचलं तर पट्टा ठेवून भिंतीला दाबायच्या व्यायामावर परत या आणि मॅडमना फोन करा, सहा दिवस थांबू नका.


पोळपाट_लाटणं:
आकडे तोंडात न धरता मांडीवर डबीत ठेवायला सांगा, डाव्या हाताने उचलता येतात. आणि आंबाडा जरा खाली, मानेजवळ घालायचा, तिथे हात कमी वर लागतो. मी तसाच घालते आता.